आदगोंडाचा ठिपका

"आधी चहा," असं म्हणून आप्पांनी लेथ बंद केलं आणि माझं डोकं तडकलं.

एप्रिलमधली गुरुवारची दुपार होती. रविवारी घाटातली शर्यत. माझी गाडी आठ दिवस बॉनेट वासून दारात उभी होती. विकी हुक्केरी दर तासाला फोन करून "सर, झालं का? झालं का?" म्हणून जीव खात होता. आणि आमचे वडील लेथच्या चकमधून काढलेला, नुकताच कातलेला जॉब ओल्या फडक्यात गुंडाळून, शहाबादी फरशीवर सावलीला ठेवून, हात पुसत स्वयंपाकघराकडे निघाले होते.

"आप्पा, माप तरी घेऊया की. दोन मिनिटांचं काम आहे."

"तू घे. मला त्या बारीक रेघा दिसंनात. पर चहा झाल्यावर."

"आत्ता घेतलं तर काय बिघडतंय?"

"जॉब काय पळून जात न्हाई," आप्पा म्हणाले आणि पायातल्या चपला दारात काढून आत गेले.

आता हे आप्पा म्हणजे कोण, ते सांगायला पाहिजे. आदगोंडा मगदूम. चौथी पास. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं टर्नर. म्हणजे फिरत्या लोखंडाला पातं लावून हव्या त्या मापात कातून काढणारा माणूस. त्यांनी केलेला प्रत्येक जॉब माप पास झाला की ते त्याच्या तोंडावर टोकदार पंचनं एक बारीक ठिपका मारायचे. बस, एकच. नाव नाही, तारीख नाही. उद्यमनगरात जॉब हातात घेतला आणि ठिपका दिसला की लोक पुन्हा माप घेत नसत. "आदगोंडाचा ठिपका हाय, बसव बिनघोर," एवढ्यावर काम चाले. आणि आप्पांचा चहाही तेवढाच प्रसिद्ध. जॉब काढला की फडक्यात गुंडाळायचा आणि चहाला बसायचं. एक कप, वर अर्धा, आणि मधे अर्धा तास गप्पा. आई होती तेव्हा म्हणायची, "ह्यांचं मशीन विजेवर न्हाई, चहावर चालतंय." गिऱ्हाईक दारात तिष्ठत असलं तरी आप्पा ढिम्म. एवढा कसबी माणूस, पण चहापायी आळशी झाला, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे.

आणि मी कोण? भरतेश आदगोंडा मगदूम, बी. ई. मेकॅनिकल, तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता. माझा विषय मोजमापशास्त्र. वस्तू कशी मोजावी, कशानं मोजावी, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. माझी अक्कल किती आहे ते घरी माझी बायको पद्मजा मोजत असे, पण तिच्या मोजमापाला मी कधी मान दिला नाही.

गाडीचं खूळ डोक्यात घातलं ते विकीनं. हा आमचा जुना विद्यार्थी, गुळाच्या अडत्याचा मुलगा. एकदा त्यानं माझी जुनी छोटी गाडी चालवली, खाली उतरला आणि गंभीर होऊन म्हणाला, "सर, आत दम आहे, पण बाहेर येईना झालाय."

माझ्याबद्दल आजवर असं कुणी बोललं नव्हतं. मी चाळिशी ओलांडलेली, प्रमोशन तीनदा हुकलेलं. गाडीबद्दल म्हणाला हे मला कळत होतं, तरी ते वाक्य मला लागलंच.

मग आम्ही दम बाहेर काढायला लागलो. पहिल्यांदा सायलेन्सर बदलला. गाडी पूर्वीइतकीच पळत होती, पण आता ती पळतेय हे अख्ख्या राजारामपुरीला कळत होतं. समोरच्या कुलकर्णी वहिनींच्या खिडकीतली बरणी पडून फुटली. मग वजन कमी करायचं म्हणून एसी काढला. मागची सीट काढली. पुढं रुंद टायर आले, मागं पंखासारखा स्पॉयलर आला. विकी म्हणाला, यानं गाडी जमिनीला चिकटून राहते. चाळीसच्या वेगात ती तशीही चिकटूनच होती. पद्मजा माहेरी जाताना एकदा मागं पत्र्यावर पोतं टाकून बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "मला जरा विचारायचंय. एवढ्या वेगानं जायचंय कुठं तुम्हाला? कॉलेज दोन किलोमीटरवर आहे." त्या दिवसापासून ती बसनं फिरायला लागली.

आप्पा हे सगळं बघत असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "किती ताकद वाढली म्हणालास?"

"बावीस घोडे वाढले, आप्पा."

"आणि त्यास्नी चारा कोण घालणार?" ते म्हणाले. पद्मजा पदर तोंडाला लावून आत पळाली.

पण खरी गोष्ट पुढं आहे. 'करवीर वेग मंडळ' नावाच्या विकीच्या क्लबानं घाटात चढाईची शर्यत ठरवली. मी भर मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगितलं, की माझ्या गाडीतला प्रत्येक वाढीव भाग माझ्या घरच्या लेथवर होणार. बाजारातला एक नट नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या फार वाईट, माणूस त्यांना जागायला जातो. विकीनं लगेच काचेवर 'कोल्हापुरात हातानं घडवलेली' असं स्टिकर लावलं. आता हात कुणाचा? मला लेथवर साधी कडी सरळ कातता येत नव्हती. घरच्या मागच्या पत्र्याच्या शेडमधलं ते लेथ आप्पांचं होतं आणि हातही त्यांचेच.

लहानसहान भाग आप्पांनी करून दिले. शेवटी राहिला ब्लोअर. इंजिनात दडपून हवा कोंबणारं यंत्र. ते फिरवायला पट्टा, पट्ट्याला पुली, पुलीत बेअरिंग, आणि बेअरिंगला घट्ट बसायला ॲल्युमिनियमचं एक घर. घर सैल झालं की बेअरिंग आत फिरणार, आणि घाटात सगळं उधळणार. अर्ध्या केसाएवढी चूक पुरे.

हे काम मी बाहेर द्यायचं मनात धरलं होतं. कारण जानेवारीत आप्पांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. त्यानंतर त्यांच्या हातून दोन जॉब बिघडले. गिऱ्हाईकं यायची थांबली. कुणी तोंडावर बोललं नाही, नुसती थांबली. आप्पा सकाळी मशीनला तेल घालायचे, पुसायचे, आणि शेजारी स्टूल टाकून बसायचे. दुपारपर्यंत बसायचे.

एका संध्याकाळी माझं ड्रॉइंग त्यांच्या हातात पडलं. त्यांनी ते डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ नेलं.

"हे घर मी करतो," ते म्हणाले.

"आप्पा, राहू दे. माप फार बारीक आहे."

"म्हणून तर." मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "भरतेश, हात हाय का गेला, ते मला एकदा बघायचं हाय. ह्यात माप चुकलं तर परत मशीनला हात लावणार न्हाई. आईची आण."

अडुसष्ट वर्षांचा माणूस आईची आण घेतो तेव्हा आपण काय बोलणार? मी ड्रॉइंग त्यांच्याकडं ठेवलं.

तर त्या गुरुवारी ते घर पुरं झालं, फडक्यात गुंडाळलं गेलं आणि आप्पा चहाला गेले. शेडमध्ये मी एकटा. वर पत्रा तापलेला. खिशात फोन थरथरत होता, विकीच असणार. आतून आप्पांचा आवाज येत होता, "सूनबाई, आलं घाल जरा." म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. मी मोजमापशास्त्राचा अधिव्याख्याता. एका म्हाताऱ्याच्या चहापायी मी ताटकळत बसायचं?

मी फडकं सोडलं. जॉब उचलला. बोटांना चटका बसला, म्हणून फुंकर मारली आणि फडक्यानंच धरला. मायक्रोमीटर आत घातला, फिरवला, वाचला.

पुन्हा वाचला. भोक मोठं झालं होतं. चांगलं अर्ध्या केसानं. खात्री करायला बेअरिंग आत सोडलं तर ते सुळकन गेलं. दाबावंसुद्धा लागलं नाही. मी ते झटकन काढून घेतलं. भोक लहान झालं असतं तर अजून कातता आलं असतं. मोठं झालेलं भोक लहान करणारं मशीन अजून कुणी काढलेलं नाही.

हात गेला होता.

खरं सांगतो, त्या क्षणी शर्यत, विकी, स्टिकर, काही आठवलं नाही. मला ते स्टूल आठवलं आणि त्यावर दुपारपर्यंत बसलेले आप्पा. मी जॉब पुन्हा तसाच फडक्यात गुंडाळला, होता तिथं ठेवला आणि आत जाऊन चहाला बसलो. आप्पा दीड कप चहा प्याले. मशीन बाजारातनं आणलं त्या दिवसाची गोष्ट सांगितली. बैलगाडीतनं आणलं होतं, आणि वाटेत बैल बसला होता. मी ऐकत होतो आणि माझ्या कपातला चहा तसाच निवत होता.

मग ते उठले. शेडमध्ये आले. फडकं सोडून जॉब त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला. "बघ आता."

मी मायक्रोमीटर आत घातला. फिरवला. रेघांकडं बघितलंच नाही. कशाला बघायचं? एकदा बघितलं होतं. मी आप्पांच्या तोंडाकडं बघत होतो. काचेसारख्या नव्या डोळ्यांनी ते माझ्या ओठांकडं बघत होते.

"बरोबर आहे, आप्पा," मी म्हणालो.

"किती?"

"ड्रॉइंगला जेवढं दिलंय तेवढं. एक रेघ इकडं नाही की तिकडं नाही."

आप्पांनी मोठा श्वास सोडला. भिंतीवरचा पंच काढला, हातोडीनं एक टोला घातला. ठिपका पडला. मग ते हळूच म्हणाले, "म्हंजे हात हाय अजून." आणि आत जाऊन पद्मजाला मोठ्यानं सांगितलं, "सूनबाई, आज शिरा कर. बदाम घालून."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारली. ड्रॉइंग घेऊन एमआयडीसीत गेलो. तिथं कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीननं तेच घर अर्ध्या तासात काढून दिलं. तिथल्या पोराला मशीनचं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, इतका तो मोबाईलमध्ये गर्क होता. मी घरी आलो. आप्पा जेवून आडवे झाले होते. मी शेडमध्ये गेलो, आप्पांचा पंच घेतला आणि नव्या घरावर ठिपका मारला. आयुष्यात मी सहीची नक्कल कधी केली नाही, पण ती केल्यावर माणसाला काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. आप्पांचा जॉब मी धातूच्या चुऱ्याच्या पिंपात खोल खुपसला आणि वर चुरा ओढला. मला वाटलं, झाकलं सगळं. पोरगं म्हणून कर्तव्य केलं.

संध्याकाळी बेअरिंग बसवलं. आप्पा शेजारी उभे होते. त्यांनी नवं घर हातात घेतलं, ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

रविवारी शर्यत झाली. आमच्या गटात चार गाड्या होत्या. एका गाडीचा रेडिएटर सुरू होण्याआधीच फुटला. दुसऱ्याच्या आईनं अमावास्या आहे म्हणून त्याला घराबाहेर सोडलं नाही. उरलो दोघं. मी दुसरा आलो.

दोघांत दुसरा आलेल्या माणसाचा सत्कार होत नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आमच्या गावचे नव्हेत. तिसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागला. 'घाटात द्वितीय! नाद खुळा!' बॅनरवर अकरा चेहरे होते. त्यातला सगळ्यात मोठा भावी नगरसेवक सर्जेराव इंगवल्यांचा. माझा खाली कोपऱ्यात, पासपोर्टचा. गाडीही होती, पण माझी नव्हे, इंटरनेटवरची कुठली तरी परदेशी लाल गाडी. विकी म्हणाला, "सर, आपली फोटोत उठून दिसेना."

संध्याकाळी मांडव, हलगी, फेटे. सर्जेरावांनी भाषण सुरू केलं. "आज ह्या चौकातनं सगळ्या जगाला सांगतो, कोल्हापूरच्या पोराचा नाद करायचा न्हाई!" पोर म्हणजे मी, वय बेचाळीस. मग त्यांना विकीनं कानात काहीतरी सांगितलं. सर्जेरावांचा गळा दाटून आला. त्यांचा दिवसाला दोनदा तरी यायचा. "पर ह्या यशाच्या पाठीमागं दोन हात हाईत. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या एका बापाचे हात! केसाएवढी चूक न करता ज्यांनी ह्या गाडीचं काळीज घडवलं, त्या आदगोंडा आप्पांनी वर यावं."

आप्पा येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. कुणीतरी माइक तोंडापुढं धरला. आप्पांनी आयुष्यात माइकवर बोललेलं मी बघितलं नव्हतं.

ते म्हणाले, "ह्या गाडीत माझं काय बी न्हाई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हलगी कडाडली. शिट्ट्या पडल्या. सर्जेराव माइक ओढून घेत ओरडले, "बघा! याला म्हणत्यात मोठेपणा! एवढं करून म्हणतोय माझं काय बी न्हाई!"

आप्पांनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. "न्हाई, खरंच—" पण हलगीपुढं कुणाचं चालतं? त्यांना दुसरा हार घातला गेला. हाराच्या वरून ते माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यावर फेटा होता आणि मी हात जोडून हसत होतो, कारण समोर कॅमेरा होता.

त्यानंतर बारा वर्षं आम्ही त्यावर बोललो नाही.

पुढच्या महिन्यात आप्पांनी लेथ विकलं. इचलकरंजीचा एक जण टेम्पो घेऊन आला. मी म्हटलं, "आप्पा, कशाला? घरातच राहू दे की."

"माझं वय झालं, त्याचं न्हाई," ते म्हणाले. "त्यानं काम करत ऱ्हावं."

टेम्पो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ते उभे होते. शेड रिकामं झालं. माझं खूळही उतरलं. गाडी भंगारात गेली. स्पॉयलर तेवढा पद्मजानं ठेवून घेतला, त्यावर ती गच्चीत सांडगे वाळवते. गाडीला तो काय उपयोगी पडला ते माहीत नाही, सांडग्यांना ऊन मात्र झकास लागतं. विकी पुढं विजेच्या स्कूटर विकायला लागला आणि आवाज न करणाऱ्या गाडीचे फायदे सांगू लागला.

आप्पा मग वऱ्हांड्यात खुर्चीवर बसायचे. चहा एक कपावर आला. वर्षातनं एकदा, खंडेनवमीला, ते आपल्या ट्रंकेतून मायक्रोमीटरची लाकडी पेटी काढायचे, तिला हळद-कुंकू लावायचे, झेंडू वाहायचे. मशीन नाही, तर निदान एवढं. ट्रंकेला कुणाला हात लावू देत नसत.

यंदाच्या खंडेनवमीला त्यांचे गुडघे इतके दुखत होते, की खाली बसता येईना. सकाळचे सात वाजले होते, फरशी पायाला गार लागत होती. ते वऱ्हांड्यातून म्हणाले, "भरतेश, पेटी तूच काढ बाबा."

मी ट्रंक उघडली. पेटी काढली. पेटीच्या खाली लाल कापडात काहीतरी जड होतं. सोडून बघितलं.

तेच घर. ॲल्युमिनियमचं. तोंडावर ठिपका. बारा वर्षांपूर्वी मी पिंपात पुरलेलं.

मी तिथंच फरशीवर बसलो. मांडीवर मायक्रोमीटरची पेटी, हातात ते घर. माणूस अशा वेळी काय करतो? मी जन्मभर जे शिकवलं ते केलं. माप घेतलं.

बरोबर होतं.

मी चष्मा पुसला. पुन्हा घेतलं. जागा बदलून तिसऱ्यांदा घेतलं. ड्रॉइंगला जेवढं होतं तेवढं. एक रेघ इकडं नाही की तिकडं नाही. मी उठून माळ्यावरच्या खोक्यातून, गाडी भंगारात देताना काढून ठेवलेलं ते जुनं बेअरिंग शोधून आणलं. त्या दिवशी सुळकन आत गेलेलं. आज अंगठ्यानं दाबलं, तळव्यानं दाबलं, बसेना. ठोकूनच बसावं, इतकं हवं तसं घट्ट.

आणि मग मला तो चटका आठवला. बोटाला मारलेली फुंकर आठवली.

दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो: धातू तापला की वाढतो, म्हणून गरम जॉबचं माप घेऊ नये. पोरं ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेला चार मार्कांना येतं. चौथी पास माणसानं ते वहीत लिहिलं नव्हतं. तो जॉब ओल्या फडक्यात गुंडाळायचा, गार फरशीवर ठेवायचा आणि गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी चहाला बसायचा. चाळीस वर्षं. आणि आम्ही त्याला आळशी म्हणत होतो.

चहानंतर तोच जॉब निवून माझ्या हातात आला होता. मायक्रोमीटर आत होता. मी फक्त वाचायचं होतं.

मी वऱ्हांड्यात गेलो. आप्पांनी माझ्या हातात काय आहे ते बघितलं.

"सापडलं व्हय," ते म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पिंप कोण रिकामं करत हुतं ह्या घरात? तू?" ते म्हणाले. "ठिपक्यावर अंगठा फिरवला तवाच कळलं. मग हुडकलं. राग न्हाई आला रं. बापाचा हात गेला, पोरानं चारचौघांत झाकला. चांगलंच केलंस."

"आप्पा, हात गेला नव्हता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या मांडीवर घर ठेवलं, हातात बेअरिंग दिलं. "बसतंय का बघा."

त्यांनी बेअरिंग तोंडावर टेकवलं, सरळ केलं, दाबलं. बसेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मग भोकाच्या आतून बोट फिरवलं, सावकाश, सगळ्या बाजूनं.

"माप बरोबर आहे," मी म्हणालो. "तेव्हाही बरोबर होतं. मी चहाच्या आधी घेतलं."

"चहाच्या आधी?"

"हो."

"आणि नंतर? माझ्यासमोर वाचलास की रं."

"वाचलं नाही, आप्पा. नुसतं बोललो."

आप्पांचं बोट भोकातच होतं. समोर गल्लीत कुणाच्या तरी रिक्षाला पोरं झेंडूच्या माळा बांधत होती, चाकाखाली लिंबं ठेवत होती. मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी शिव्या द्याव्यात, काठी घालावी, काहीही करावं असं वाटत होतं.

"लेथ विकलं रं मी," ते म्हणाले. ऐंशी वर्षांच्या माणसाचा आवाज लहान पोरासारखा आला. "बरं चालत हुतं. उगंच विकलं."

मी त्यांच्या पायाशी बसलो. मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि मी तशी अपेक्षाही केली नाही. तो हात त्या घरावरच होता.

पद्मजा चहा घेऊन आली. आम्हाला दोघांना तसं बघून ती कप ठेवून आत गेली. काहीतरी करायला पाहिजे म्हणून मी कप उचलला आणि तोंडाला लावायला गेलो.

आप्पांनी माझं मनगट धरलं. पकड अजून पक्की होती.

"थांब," ते म्हणाले. "निवू दे."